शरीरातील सूक्ष्म मूलद्रव्ये, विषारी धातू आणि कर्करोग

देगलूर हे नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, तेलंगण आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. देगलूर-बिलोलीच्या बाजूस मात्र हा काळा पाषाण संपत जातो आणि प्राचीन ग्रॅनाइट वर डोके काढतो. खडक बदलला की त्यातून झिरपणाऱ्या पाण्यातील क्षारही बदलतात. त्यामुळे 'आमच्या बोअरच्या पाण्यात धातू आहेत का आणि त्यांनी कर्करोग होतो का' हा प्रश्न या भागातील कुटुंबाला पडणे स्वाभाविक आहे.

प्रश्न रास्त आहे. परंतु धातू शरीरात शिरण्याच्या वाटा अनेक आहेत. पाणी ही त्यांपैकी एक. अन्न, धूर, व्यवसायातील वाफा, औषधे आणि तोंडात तासन् तास धरलेली सुपारी-तंबाखू या इतर वाटा होत. यांपैकी कोणत्या वाटेने किती धोका येतो याचा क्रम लक्षात न घेता केलेली काळजी बहुधा चुकीच्या ठिकाणी खर्ची पडते. हा क्रम लावून देणे हाच या लेखाचा हेतू.

आवश्यक आणि अनावश्यक

मानवी शरीराचा बहुतांश भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चार मूलद्रव्यांचा बनलेला असतो. त्यानंतर कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम, पोटॅशियम आदींचा क्रम लागतो. याखेरीज काही मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात, परंतु जगण्यासाठी अपरिहार्य असतात. त्यांना सूक्ष्म मूलद्रव्ये म्हणतात. प्रौढ माणसाच्या शरीरात लोह सुमारे ३ ते ४ ग्रॅम, जस्त सुमारे २ ग्रॅम आणि तांबे सुमारे १०० मिलिग्रॅम असते. सेलेनियम व आयोडीन त्याहूनही पुष्कळ कमी. रक्तातील हिमोग्लोबिन लोहावाचून, शेकडो विकरे (एन्झाइम) जस्तावाचून आणि थायरॉइड ग्रंथीचे काम आयोडीनवाचून चालत नाही.

शिसे, पारा, कॅडमियम आणि आर्सेनिक (सोमल) यांची गोष्ट वेगळी. मानवी शरीराला त्यांचा काही उपयोग असल्याचे सिद्ध झालेले नाही. आर्सेनिक शास्त्रीयदृष्ट्या पूर्ण धातू नव्हे. पण विषारी धातूंच्या चर्चेत त्याचा समावेश केला जातो.

मात्र 'आवश्यक म्हणजे निरुपद्रवी' असे समीकरण मांडता येत नाही. लोह कमी पडले तर पंडुरोग होतो. पण आनुवंशिक दोषामुळे लोह यकृतात वर्षानुवर्षे साचत गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. क्रोमियमचे त्रिसंयुजी रूप फारसे अपायकारक नाही. त्याच क्रोमियमचे षट्‌संयुजी रूप फुफ्फुसाच्या कर्करोगास कारण ठरते. म्हणून धातूचे नाव ऐकून निष्कर्ष काढू नये. त्याचे रूप कोणते, मात्रा किती, मार्ग कोणता आणि काळ किती, हे चार प्रश्न आधी विचारावेत.

वर्गीकरण काय सांगते?

जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधील ल्यों येथे आहे. ती निरनिराळ्या पदार्थांची कर्करोगकारकतेच्या दृष्टीने वर्गवारी करते. माणसात कर्करोग होतो असा पुरेसा पुरावा असलेल्या पहिल्या गटात आर्सेनिक, कॅडमियम, षट्‌संयुजी क्रोमियम, बेरिलियम आणि निकेलची संयुगे आहेत. शिशाची असेंद्रिय संयुगे 'बहुधा कर्करोगकारक' आणि मिथाइल पारा 'कदाचित कर्करोगकारक' या खालच्या गटांत आहेत. शिसे आणि पारा यांचा मुख्य आघात मेंदू, मज्जातंतू व मूत्रपिंडांवर होतो. त्यांची भीती बाळगण्यास ते कारण पुरेसे आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हे गट पुराव्याची भक्कमता सांगतात, धोक्याची तीव्रता सांगत नाहीत. एकाच गटातील दोन पदार्थ सारखेच घातक असतात असा त्याचा अर्थ नाही.

पेशीत नेमके काय घडते?

बहुतेक विषारी धातू जनुकांवर थेट घाव घालत नाहीत. ते पेशीतील दुरुस्तीची यंत्रणा बिघडवतात. आपल्या पेशींतील डीएनएची रोज मोडतोड होत असते आणि विशिष्ट प्रथिने ती दुरुस्त करत असतात. यांपैकी अनेक प्रथिनांना आपला आकार टिकवण्यासाठी जस्ताचा अणू लागतो. कर्करोगाला आवर घालणारे 'पी-५३' हे प्रथिनही त्यातलेच. कॅडमियम आणि आर्सेनिक अशा प्रथिनांतील जस्ताच्या जागी शिरकाव करतात. प्रथिन दिसते जागच्या जागी, पण काम करत नाही. दुसरीकडे लोह आणि तांबे यांचे मोकळे अणू ऑक्सिजनची अत्यंत क्रियाशील रूपे निर्माण करण्यास मदत करतात आणि ती रूपे डीएनएला इजा पोहोचवतात.

ही प्रक्रिया संथ असते. चिलीमधील आंतोफागास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात आर्सेनिकचे प्रमाण फार मोठे असलेल्या नदीचे पाणी मिळत होते. १९७० साली शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. तरीही फुफ्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढील कित्येक दशके चढेच राहिले. आज नळाला शुद्ध पाणी आले म्हणून कालचा हिशेब लगेच मिटत नाही. दक्षता जितकी लवकर, तितकी मोलाची, ती यामुळेच.

सुपारीतील तांबे

आता आपल्या भागाकडे वळू. मराठवाड्यातील माणसाला कर्करोगाकडे नेणारी सर्वांत रुळलेली वाट पानटपरीवरून जाते. 'जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणा'नुसार २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करत होते. स्त्रियांत हे प्रमाण १६.६ टक्के होते. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडचे तंबाखूचे संकट मुख्यतः तोंडात धरण्याच्या, चघळण्याच्या आणि मशेरी लावण्याच्या सवयीचे आहे.

तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी बरेच लिहिले गेले आहे. सुपारीविषयी मात्र समाजात विलक्षण सौम्य भावना आहे. पूजेत सुपारी, विड्यात सुपारी, जेवणानंतर सुपारी आणि मुलांच्या हातात गोड सुपारीची पुडी! प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रकाशित केलेल्या अहवालात, तंबाखू नसलेले पान आणि स्वतः सुपारी, या दोहोंना पहिल्या गटात घातले आहे.

सुपारीमुळे होणारा 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस' हा विकार आपल्याकडे 'तोंड आखडणे' या नावाने ओळखला जातो. केनियातील भारतीय स्त्रियांत त्याची नोंद १९५२ साली झाली, तर १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रथम तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग होते. मग गालाच्या आतील अस्तर पांढुरके व कडक होते, गालात दोऱ्यांसारखे पट्टे हाताला लागतात आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. पुढे घास घेणेही कठीण जाते.

या विकारात तांब्याची भूमिका असल्याचे संशोधन लक्ष वेधून घेणारे आहे. लंडनमधील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, खाण्यात येणाऱ्या इतर कठीण कवचाच्या फळांपेक्षा सुपारीत तांब्याचे प्रमाण अधिक असते. सुपारी चघळताना हे तांबे लाळेत उतरते आणि गालाच्या अस्तराला सतत भिडत राहते. आपल्या ऊतींतील कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांशी घट्ट विणणारे 'लायसिल ऑक्सिडेज' हे विकर तांब्यावर चालते. तांबे वाढले की विणकाम वाढते, तंतू विरघळेनासे होतात आणि मऊ अस्तराची जागा चिवट पट्टे घेतात. सुपारीतील अरेकोलिन हे अल्कलॉइड तंतूंची निर्मिती वाढवते आणि टॅनिन त्यांचा नाश होऊ देत नाही. चुन्याच्या सान्निध्यात सुपारीतील द्रव्यांपासून क्रियाशील ऑक्सिजन निर्माण होतो, त्यालाही तांबे व लोह यांची साथ मिळते. तांबे हे एकमेव कारण नव्हे. पण या कटात ते सामील आहे.

हे तांबे येते कोठून? काही अंश जमिनीतून. तर काही अंश बागेतील फवारणीतून येत असावा, असे मानले जाते. कोकण व कर्नाटकाच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात पोफळीवर कोळेरोग पडतो. त्यावर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारण्याची जुनी पद्धत आहे. द्राक्ष-डाळिंबाच्या बागाईतदारांना हे मिश्रण चांगलेच परिचित आहे.

तोंड आखडण्याचा विकार हा कर्करोग नव्हे, ती कर्करोगपूर्व अवस्था होय. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्यात आले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांपैकी ७.६ टक्के रुग्णांना मुखाचा कर्करोग झाला. एकदा आखडलेले तोंड सवय सोडल्यावरही पूर्ववत होत नाही. मात्र सुरुवातीच्या काळात सुपारी सुटली तर विकाराची पुढची वाटचाल थोपवता येते.

महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालानंतर ती टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर पुन्हा बंदी आली. साधी सुपारी मात्र कोणत्याही किराणा दुकानात मिळते. म्हणून या बाबतीत कायद्यापेक्षा घरातील जाणीव अधिक कामाची आहे.

तंबाखूतील कॅडमियम

तंबाखूचे झाड जमिनीतील कॅडमियम ओढून पानांत साठवण्यात वाकबगार आहे. एका सिगारेटमध्ये साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम कॅडमियम असते. अन्नातून आलेल्या कॅडमियमचा फार थोडा भाग आतड्यांतून रक्तात जातो. धुरातून आलेले कॅडमियम फुफ्फुसांतून पुष्कळ अधिक प्रमाणात शोषले जाते. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातील कॅडमियमचा साठा न करणाऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. मूत्रपिंडात शिरलेले कॅडमियम निम्मे होण्यास १० ते ३० वर्षे लागतात. चघळण्याच्या तंबाखूतही कॅडमियम, शिसे, निकेल आणि आर्सेनिक आढळतात. अर्थात तंबाखूतील सर्वांत प्रबळ कर्करोगकारके म्हणजे तिच्यातील विशिष्ट नायट्रोसामाइन्स. धातू त्यांच्या जोडीला असतात.

येथे आहाराचा एक महत्त्वाचा दुवा आहे. शरीरात लोह कमी असेल तर आतडी लोह शोषून घेण्याची आपली क्षमता वाढवतात आणि त्याच दाराने कॅडमियम व शिसेही अधिक प्रमाणात आत येतात. आपल्याकडे पंडुरोग स्त्रियांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळतो. मशेरी लावणारी आणि रक्त कमी असलेली स्त्री अशा रीतीने दुहेरी कात्रीत सापडते. दीर्घकाळच्या लोहअभावाने गिळण्यास त्रास होणे आणि पुढे घशाच्या खालच्या भागाचा कर्करोग होणे, हा संबंध वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

पाण्याचे काय?

पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. भारतात या प्रश्नाची तीव्रता कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्यामुळे १९८३ साली पुढे आली. पश्चिम बंगाल, बिहार आणि उत्तर प्रदेशातील गंगेच्या गाळाचा प्रदेश हे त्याचे मुख्य क्षेत्र होय. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, राजनांदगावच्या बाजूस कौडीकसा परिसरातही आर्सेनिकयुक्त पाण्याने लोकांच्या त्वचेवर काळे-पांढरे डाग आणि तळहात-तळपायांवर खडबडीत गाठी दिसून आल्या. पुढे अशा व्यक्तींना त्वचा, फुफ्फुस आणि मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका राहतो.

मराठवाड्याचा समावेश आर्सेनिकच्या ज्ञात प्रमुख पट्ट्यांत होत नाही. ग्रॅनाइटच्या भागात अधिक संभवनीय दोष म्हणजे फ्लोराइड. त्याने दात पिवळे-तपकिरी होतात आणि हाडे-सांधे आखडतात. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडने माणसात कर्करोग होतो, असा पुरेसा पुरावा मिळालेला नाही. तरीही दंत व अस्थींचा फ्लोरोसिस हा आयुष्यभराचा त्रास असल्याने लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी पिऊ नये.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : पाणी उकळल्याने अथवा त्यात टीसीएल पावडर टाकल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उकळून पाणी आटले तर धातूंचे प्रमाण उलट किंचित वाढते. म्हणून पिण्याच्या बोअरचे पाणी एकदा तरी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि नेहमीच्या तपासणीत जड धातूंचा समावेश आहे का, हे विचारावे. नसल्यास तशी स्वतंत्र मागणी करावी.

तांब्याच्या भांड्यातील पाण्याविषयीही शंका विचारली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे सुरक्षित आहे. स्वच्छ घासलेल्या तांब्यात रात्रभर ठेवलेले साधे पाणी सर्वसाधारणपणे या मर्यादेत राहते आणि घटाघट पोटात जाते. सुपारीप्रमाणे तासन् तास गालाला चिकटून राहत नाही. ताक, लिंबूपाणी, चिंचेचे सार असे आंबट पदार्थ मात्र कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नयेत.

कारागिरांचा धोका

सोन्याचे दागिने जोडताना कॅडमियममिश्रित डाग देण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती. 'केडीएम' हे नाव त्यातूनच आले. दागिना अंगावर घालणाऱ्याला त्याचा धोका नगण्य. पण बंद खोलीत फुंकणीने डाग देणाऱ्या कारागिराच्या फुफ्फुसात कॅडमियमची वाफ रोज जाते. हॉलमार्कच्या प्रसारानंतर ही पद्धत मागे पडली आहे, तरी जुन्या दागिन्यांच्या दुरुस्तीत व वितळवण्यात कॅडमियम आजही समोर येऊ शकते. वेल्डिंगच्या धुराचा समावेश २०१७ साली पहिल्या गटात झाला. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगमध्ये षट्‌संयुजी क्रोमियम आणि निकेल बाहेर पडतात. खेळती हवा, धूर ओढून घेणारा पंखा, योग्य मुखवटा आणि जेवणापूर्वी हात धुणे या उपायांना पर्याय नाही.

भेसळीच्या बाबतीत एक दिलासा देणारे उदाहरण आहे. हळदीला चकाकी आणण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लेड क्रोमेट या रंगात शिसे आणि षट्‌संयुजी क्रोमियम दोन्ही असतात. बांगलादेशात २०१९ साली बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. प्रबोधन आणि कडक कारवाई यांमुळे २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. वसमत-हिंगोलीसारख्या हळदीच्या मुलखाने ही घटना अवश्य ध्यानात ठेवावी.

गोळ्यांनी संरक्षण मिळते का?

'कर्करोग टाळण्यासाठी' म्हणून सेलेनियम व जस्ताच्या गोळ्या सर्रास विकल्या जातात. अमेरिकेत २००१ साली ३५,५३३ पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची मोठी चाचणी सुरू झाली. लाभ दिसेना म्हणून २००८ साली गोळ्या थांबवण्यात आल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. याउलट चीनमधील लिनशियान येथे, जेथे आहारात या घटकांची कमतरता होती, तेथे सेलेनियम, बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व एकत्र दिल्यावर कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. तात्पर्य सरळ आहे. उणीव असेल तर ती भरून काढावी. उणीव नसताना वरून घातलेली भर उपयोगी नाही, प्रसंगी घातक ठरते. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, तीळ, जवस आणि परवडत असल्यास अंडी-मासे यांतून सूक्ष्म मूलद्रव्ये मिळतात. पंडुरोग असल्यास लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने अवश्य घ्याव्यात.

केसांच्या तपासणीवरून 'शरीरातील विषारी धातू' दाखवून देणाऱ्या आणि ते 'धुऊन काढण्याच्या' महागड्या उपचारांपासून दूर राहावे. शिशासाठी रक्ताची, तर आर्सेनिक व कॅडमियमसाठी लघवीची तपासणी अधिक विश्वासार्ह असते. तीही सबळ शंका असेल तरच करावी. धातुयुक्त भस्मे स्वतःच्या मनाने वा अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नयेत.

क्रम असा असावा

या साऱ्याचा व्यावहारिक निष्कर्ष मोजक्या शब्दांत सांगता येतो. पहिला क्रमांक तंबाखू, मशेरी आणि सुपारी सोडण्याचा. यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. दुसरा, धातूच्या वाफेत काम करणाऱ्यांच्या संरक्षणाचा. तिसरा, पंडुरोग दूर करण्याचा. चौथा, बोअरच्या पाण्याच्या तपासणीचा. गोळ्या आणि महागड्या चाचण्या या यादीत कोठेच येत नाहीत.

तोंडाची तपासणी घरीच आरशासमोर करता येते. महिन्यातून एकदा गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग उजेडात पाहावा. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखटाने होणारी आग किंवा आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात न मावणे, यांपैकी काहीही आढळल्यास दंतवैद्य अथवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय येथे पुढील उपचार होतात. मुखाचा कर्करोग लहान असताना सापडला तर बरा होण्याची शक्यता मोठी असते. जमिनीखालचा खडक बदलणे कुणाच्याच हाती नाही. गालात धरलेली सुपारी थुंकून टाकणे मात्र ज्याच्या-त्याच्या हाती आहे.